तुघलक, मी आणि पुंडलिकनगरचं पाणी

गेल्या महिन्यात आमच्या पुंडलिकनगरातल्या घरी एक पाहुणा येऊन गेला. मूळचा जैसलमेरचा. पुण्यात आम्ही एकाच टीममध्ये, एकाच रांगेत, एकाच एसीच्या झोताखाली तीन वर्षं काढली. मराठी कामापुरतं येतं, वडापाव कामापेक्षा जास्त. त्यामुळे टीममध्ये त्याचं नाव पडलं 'जैसलमेरकर'. त्यालाही ते आवडतं.

दोन वर्षांपूर्वी मी त्याच्या गावी जाऊन आलो होतो. त्याने मला सम गावच्या वाळूच्या टेकड्या दाखवल्या, उंटावर बसवलं (उतरताना माझी जी काही अवस्था झाली तिचे फोटो अजून टीमच्या ग्रुपवर फिरतात), पट्टू विणणाऱ्यांच्या घरी नेलं, आणि त्याच्या आजीने केर-सांगरी आणि बाजरीची रोटी इतक्या आग्रहाने वाढली की परतीच्या गाडीत मी फक्त पाणी पीत होतो. तेव्हाच म्हणालो होतो, आता तू आमच्याकडे ये. असं म्हणताना माणूस गाफील असतो. समोरचा खरंच येईल असं थोडंच वाटतं!

तर तो आला. आणि मला घाम फुटला. आमच्याकडे वाळवंट नाही. अजिंठा-वेरूळ त्याने कॉलेजच्या सहलीत पाहिलेलं. मग दाखवायचं काय? त्यातून आणखी एक अडचण होती. ती जरा घरगुती आहे, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

गेले सहा महिने मी आई-बाबांच्या मागे लागलो होतो, की हे घर विका आणि पुण्याला चला. बाबा चिकलठाण्याच्या एमआयडीसीतून निवृत्त झाले. घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं, वर मोकळी गच्ची, मागे कढीपत्त्याचं झाड. माझा युक्तिवाद साधा होता. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही. आई रात्री दोन-दोनला उठून मोटार लावते. बाबांचे गुडघे दुखतात, तरी पिंप हलवतात. मी पुण्यात बसून काय करू शकतो? पुण्यात फ्लॅट घेऊ, लिफ्ट आहे, सगळं आहे. बाबा "बघू" म्हणत. आई काहीच म्हणत नसे, आणि आमच्या घरात आईच्या काही न म्हणण्याला बाबांच्या बघू-पेक्षा जास्त वजन असतं.

असो. शुक्रवारी रात्री पाहुणा पोचला त्या दिवशी नळाला पाणी येऊन सहा दिवस झाले होते. आईने पातेली, कळश्या, कुकरचे डबेसुद्धा भरून ठेवलेले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालेलं, पाहुण्याला अंघोळीला अर्धी बादली कशी द्यायची? जैसलमेरकराने अर्धी बादली घेतली, त्यातलं तांब्याभर परत आणलं, आणि मोरीपाशी टबात साठलेलं वापरलेलं पाणी नेऊन कढीपत्त्याला घातलं. कुणी सांगितलं नव्हतं. आई बघतच राहिली. त्या क्षणापासून तो तिचा 'बाळ' झाला आणि मी घरातला दुय्यम मुलगा.

सकाळी चहा पिताना त्याने विचारलं, "यहाँ बारिश कितनी होती है?"

बाबा म्हणाले, "सरासरी सातशे मिलिमीटर. कमी-जास्त होतं."

तो कपात बघत थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हमारे यहाँ डेढ़-दो सौ. अंकल, तो पानी जाता कहाँ है?"

चेष्टेने नाही, अगदी सरळ विचारलं होतं. आमच्या तिघांकडेही उत्तर नव्हतं. पुढचे दोन दिवस आम्ही भटकलो, खाल्लं, खरेदी केली. पण आता मागे वळून बघताना वाटतं, ते दोन दिवस आम्ही त्याच प्रश्नाच्या मागे फिरत होतो.

*

शनिवारी दौलताबाद. म्हणजे देवगिरी. यादवांची राजधानी. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजी इथे अचानक येऊन थडकला, रामदेवरायाकडून अफाट खंडणी घेऊन गेला, आणि १३१८ पर्यंत यादवांचं राज्य संपलं. हे आपण शाळेत शिकतो. पण गडावर चढताना पाहुण्याला ज्या माणसाबद्दल ऐकायचं होतं तो म्हणजे मुहम्मद बिन तुघलक.

तुघलक म्हणजे आपल्याकडे वेडेपणाचा समानार्थी शब्द. मॅनेजरने शुक्रवारी संध्याकाळी रिक्वायरमेंट बदलली की आपण म्हणतो, काय तुघलकी कारभार आहे! १३२७ मध्ये या माणसाने ठरवलं की साम्राज्य दक्षिणेपर्यंत पसरलंय, दिल्ली एका टोकाला पडते, राजधानी मध्यावर हवी. आर्किटेक्चर म्हणून विचार केला तर चूक काहीच नाही. सर्व्हर युजर्सच्या जवळ हवा, हे आपणही म्हणतोच की. गडबड मायग्रेशनमध्ये झाली.

इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी त्यानंतर काही वर्षांनी दिल्लीत आला आणि त्याने ऐकलेल्या गोष्टी लिहून ठेवल्या. त्यातली सगळ्यात भयानक ही, की दिल्लीत मागे राहिलेल्या एका आंधळ्याला दौलताबादपर्यंत फरफटत न्यायचा हुकूम झाला आणि पोचला तो फक्त त्याचा पाय. बरनी हा इतिहासकार लिहितो की दिल्ली इतकी ओस पडली की कुत्री-मांजरंही उरली नाहीत. वाचून अंगावर काटा येतो. पण याच काळातले, १३२७ आणि १३२८ चे, दोन संस्कृत शिलालेख दिल्लीच्या परिसरातच सापडलेत, नारायणा आणि सरबन इथे. त्यांत दिल्ली प्रांताचं कौतुक आहे. ओस पडलेल्या गावाचं कौतुक दगडावर कोण कोरून ठेवेल? म्हणून आजचे बरेच अभ्यासक म्हणतात की सगळी दिल्ली उठली नव्हती. हलवले गेले ते मुख्यतः अमीर-उमराव, अधिकारी, उलेमा, सूफी, आणि त्यांच्या मागून त्यांच्यावर पोट असलेली माणसं. रस्ताही अगदी वाऱ्यावर सोडलेला नव्हता. दिल्ली ते दौलताबाद चाळीस दिवसांची वाट आणि दुतर्फा झाडं, असं इब्न बतूताच लिहितो.

तरी जुलूम तो जुलूमच. आपलं घर सोडून कुणाला जायचं असतं? १३३५ च्या सुमारास सुलतानाने परत जायची मुभा दिली. थोडक्यात रोलबॅक. उत्तरेची सरहद्द, दुष्काळ, ठिकठिकाणची बंडं, अशी त्याची बरीच कारणं आहेत.

आता गंमत बघा. रोलबॅक झाला, पण सगळे परतले नाहीत. जे राहिले त्यांनी दख्खन बदलून टाकलं. १३४७ मध्ये इथल्याच अमिरांनी बंड केलं आणि याच दौलताबादेत बहमनी राज्याचा पहिला सुलतान तख्तावर बसला. दिल्लीहून आलेली बोली इथल्या मराठी, तेलुगू, कन्नडमध्ये मिसळून दखनी झाली. आमच्या शहागंजात रिक्षावाला "नक्को" म्हणतो ना, ते आपलं 'नको'च आहे. जैसलमेरकराला हे इतकं आवडलं की पुढचे दोन दिवस तो प्रत्येक गोष्टीला "नक्को" म्हणत होता. जेवणाला सोडून.

इब्न बतूता पुढे १३४२ च्या सुमारास दौलताबादवरून गेला. इथली द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात हे त्याने नोंदवलंय, गाणाऱ्यांच्या खास बाजाराचं वर्णन केलंय, आणि मराठ्यांमधले प्रतिष्ठित लोक भात, भाज्या आणि तिळाचं तेल खातात असंही लिहिलंय. म्हणजे ज्या गावाबद्दल आपण फक्त 'फसलेली राजधानी' एवढंच शिकतो, ते गाव सुलतान परतल्यावरही चांगलं गात-खात होतं.

अंधारी पार करून वर चढताना आमचा पाहुणा मात्र तटबंदी आणि तोफांपेक्षा भलतंच बघत होता. हत्ती हौद. मग खंदक. मग दगडात कोरलेली टाकी. "ये पानी आता कहाँ से था?" आजूबाजूच्या डोंगरांतून खापराच्या नळांनी आणलेलं असायचं, मी म्हणालो. त्याने मान डोलावली. वाळवंटातला माणूस किल्ला बघतो तेव्हा आधी पाणी बघतो. मी या किल्ल्यावर दहा वेळा आलो असेन, पण हौद बघायला कधी थांबलो नव्हतो.

*

तिथून खुलताबाद. आईची अट होती की भद्रा मारुतीचं दर्शन आधी (शनिवार ना!). झोपलेला मारुती बघून पाहुणा खूश. मग दर्गे. दिल्लीहून आलेल्या सूफींपैकी बुऱ्हाणुद्दीन गरीब इथेच विसावले, १३३७ मध्ये. त्यांच्याच आगेमागे वारलेला फारसी कवी अमीर हसन सिजझी इथेच. अहमदनगरला १७०७ मध्ये मेलेल्या औरंगजेबाची कबरही इथेच. पण आम्ही गेलो तिथे आम्ही दोघंच होतो. ते होतं मलिक अंबरचं थडगं.

हा माणूस म्हणजे एक कादंबरी आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यावर इथिओपियात जन्मला. लहानपणीच विकला गेला. बगदादेत एका व्यापाऱ्याकडे राहून लिहा-वाचायला शिकला, मग पुन्हा विकला जाऊन अहमदनगरला निजामशाहीच्या दरबारात आला. गुलामाचा सरदार, सरदाराचा वजीर झाला आणि पंचवीसेक वर्षं अकबर आणि जहांगीर यांच्या फौजांना त्याने दख्खनमध्ये सुखाने झोपू दिलं नाही. जहांगीर इतका वैतागला होता की त्याने स्वतःचं चित्र काढून घेतलं, ज्यात तो अंबरच्या कापलेल्या मुंडक्याला बाण मारतोय. प्रत्यक्षात ते कधीच जमलं नाही. अंबर १६२६ मध्ये म्हातारा होऊन मेला.

गनिमी काव्याचा हा उस्ताद. शहाजीराजे त्याच्या बरोबरीने लढले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत तर त्याने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीभोवती चिखलच चिखल करून टाकला. पाण्याचा असा उपयोग ज्याला सुचतो, त्याला पाणी कळत होतं हे वेगळं सांगायला नको.

आमचं शहर त्याने वसवलं. खडकी नावाचं खेडं होतं, तिथे १६१० च्या सुमारास. पुढे त्याच्या मुलाच्या नावावरून फतेहनगर, १६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार म्हणून आला तेव्हापासून औरंगाबाद, आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. नावं बदलत गेली. पण खडकी नावातच सगळं आलं की! खडक. इथे नदी म्हणावी तर खाम, पावसाळ्यापुरती. असल्या जागी राजधानी वसवायची म्हणजे दुसरा तुघलकच म्हणायचा. फरक एवढाच, की याने माणसं आणायच्या आधीपासूनच पाण्याचा विचार केला होता.

*

शनिवारी रात्री आईने येसर आमटी, बाजरीची भाकरी, ठेचा आणि शेंगोळे केले. येसर म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्यांचं मसाला घालून केलेलं पीठ. भाजी नसली तरी आमटी होते. शेंगोळे हुलग्याच्या पिठाचे. हुलगा कमी पाण्यात येतो. जैसलमेरकराने तिसरी भाकरी घेताना विचारलं, यात ताजी भाजी कुठेच नाही का? आई म्हणाली, "अरे बाळा, आमच्याकडे उन्हाळ्यात भाजी कुठली? हे सगळं दुष्काळाचं खाणं." तो हसला. केर, सांगरी, दोन्ही वाळवून ठेवायच्या गोष्टी. त्याच्या आजीच्या स्वयंपाकघरातही तेच तर होतं.

आईने मग ७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी सांगितल्या. आजीने तिला सांगितलेल्या. खडी फोडायचं काम, सुकडी, मिलो ज्वारीच्या लालसर भाकऱ्या. मी या गोष्टी लहानपणापासून ऐकत आलोय, पण नेहमी कंटाळून. त्या रात्री पाहुण्यासाठी हिंदीत भाषांतर करताना पहिल्यांदाच नीट ऐकल्या.

*

रविवारी हिमरू. हिमरू म्हणजे श्रीमंताच्या किनखापाची मध्यमवर्गीय नक्कल. शब्दच फारसी 'हम-रू'वरून आलाय असं सांगतात, म्हणजे सारखं दिसणारं. किनखाप रेशीम आणि जरीचा. हिमरूत ताणा सुती आणि बाणा रेशमी, त्यामुळे कमी पैशांत तीच झळाळी. शहरात कुणालाही विचारा, तो सांगेल की तुघलकाने राजधानी हलवली तेव्हा विणकर सोबत आले.

एका जुन्या कारखान्यात माग चालू होता. एकच. तिथल्या म्हाताऱ्या चाचांनी मागाच्या वर बांधलेला दोऱ्यांचा गुंता दाखवला, त्याला जाला म्हणतात. कोणत्या ओळीला ताण्याचे कोणते दोरे वर उचलायचे हे त्या गुंत्यात आधीच बांधून ठेवलेलं असतं. एक जण वरून दोरे ओढतो, दुसरा विणतो. मी बघत राहिलो. हा तर चक्क साठवून ठेवलेला प्रोग्रॅम! १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जॅकार्डने याच कामासाठी भोकं पाडलेली कार्डं वापरली. ती कल्पना बॅबेजने आपल्या यंत्रासाठी उचलली. १८९० च्या अमेरिकन जनगणनेत होलरिथने कार्डांवरच आकडेमोड केली, आणि त्याच्याच कंपनीतून पुढे आयबीएम उभी राहिली. म्हणजे आमच्या पगाराचं खापरपणजोबांचं घर कुठेतरी असल्याच मागांत आहे.

"अब कौन सीखता है बेटा?" चाचा म्हणाले. "बच्चे कंपनी में जाते हैं। अच्छा है। वहाँ महीने की पहली तारीख होती है।" यात कडवटपणा अजिबात नव्हता. त्यामुळेच जास्त लागलं. जैसलमेरकराने आजीसाठी एक शाल घेतली. त्यांच्या पट्टूवरही असाच जादा बाण्याने नक्षी भरतात. त्याने शाल उलटी करून मागची बाजू तपासली आणि चाचा पहिल्यांदाच हसले. गिऱ्हाईक दर्दी आहे हे ओळखायची ही जगभरची खूण असावी.

दुपारी बुढीलेनच्या बाजूला नान-खलिया. (रविवार, त्यामुळे आईची हरकत नव्हती. घरात आणायचं नाही एवढंच.) तंदूरमधून आलेला, वरून हळदीने पिवळा झालेला मऊ नान आणि मटणाचा तर्रीवाला रस्सा. याचीही गोष्ट तीच: तुघलकाच्या फौजेसाठी मोठमोठ्या देगांत एकदम शिजवता यावं म्हणून हा पदार्थ निघाला. पहिला घास घेऊन पाहुणा म्हणाला, "हमारा लाल मांस, तुम्हारा पीला नान. बराबरी का मुक़ाबला." मग माझ्यातला इंजिनियर जागा झाला. तुघलक चौदाव्या शतकातला. मिरची आली पोर्तुगीजांबरोबर, म्हणजे १४९८ च्या नंतर. मग हा झणझणीत रस्सा तुघलकाच्या फौजेने कसा खाल्ला असेल? मूळ पदार्थ असलाच तर मिरीचा असणार. मी हे शेजारच्या टेबलावरच्या काकांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मियाँ, नान ठंडा हो रहा।"

बरोबरच होतं त्यांचं. गोष्ट खरी की खोटी यापेक्षा मला ती का टिकली याची गंमत वाटते. सगळ्या देशासाठी तुघलक विनोद आहे. फक्त या एका शहरात तो आपल्याला कापड आणि जेवण देऊन गेला असं मानतात. जी माणसं इथे राहून गेली, त्यांनी आपल्या फरफटीची अशी गोष्ट करून घेतली.

*

शेवटी पाणचक्की. खरं तर ही आमच्याकडची सगळ्यात 'शाळेची सहल' टाईप जागा. बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा, त्यासमोर हौद, आणि उंच भिंतीवरून हौदात कोसळणारं पाणी. त्या पाण्यावर फिरणारी चक्की इथे येणाऱ्या यात्रेकरूंचं, विद्यार्थ्यांचं पीठ दळायची. अठराव्या शतकातली ही सगळी रचना. पाणी येतं उत्तरेच्या डोंगरातून, कित्येक किलोमीटरवरून, जमिनीखालून. पंप नाही, मोटार नाही. डोंगर उंच, शहर सखल, बास. बंद नळातून आलेलं पाणी आपल्या मूळ पातळीपर्यंत चढतं, म्हणून ते भिंतीत वर चढवून खाली सोडता येतं. हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत, त्यामुळे उन्हाळ्यात खाली गारवा. एकाच पाण्याकडून किती कामं करून घ्यायची!

ही परंपरा सुरू झाली अंबरपासून. त्याच्या नहर-ए-अंबरीने डोंगरपायथ्याला जमिनीत मुरलेलं पाणी बोगद्यासारख्या बांधीव नाल्यात गोळा केलं आणि नुसत्या उताराने शहरात आणलं. वाटेत ठिकठिकाणी साफसफाईसाठी उतरायची तोंडं, हवा सुटावी म्हणून उभे मनोरे. इराणमधल्या कनातांची हीच तऱ्हा. पुढच्या लोकांनी तशाच आणखी नहरी बांधल्या आणि विसाव्या शतकापर्यंत शहराचे बरेच भाग त्यांवर जगले.

आणि हे ऐका. ज्या वर्षांत अंबर इथे हे खोदत होता, त्याच वर्षांत, १६१५ च्या सुमारास, बुऱ्हाणपुरात कुंडी भंडारा नावाची जवळजवळ अशीच भूमिगत पाणीयोजना झाली. ती करवून घेणारा अब्दुल रहीम खानखाना, दोह्यांचा तोच कवी रहीम. आणि अंबरविरुद्ध मोगलांच्या फौजा घेऊन लढणारा सेनापतीही तोच! दोन हाडवैरी, सरळ रेषेत दोनशे किलोमीटरसुद्धा अंतर नाही, आणि दोघंही आपापल्या शहरासाठी जमिनीखालून सारखंच पाणी आणतायत. 

मग ह्या नहरी गेल्या कुठे? कुठे गाळ भरला, कुठे वरून घरं झाली, कुठे रस्त्याच्या कामात नळ फुटला. १९७६ मध्ये जायकवाडीचं धरण पूर्ण झालं आणि शहराची तहान तिकडे वळली. धरण पैठणला, आमच्या दक्षिणेला आणि खालच्या अंगाला. म्हणजे जे पाणी चारशे वर्षांपूर्वी डोंगरावरून आपण होऊन उतरत होतं, त्याच्या जागी आता पन्नासेक किलोमीटरवरून चढावर पंप करून पाणी आणायचं. शहर वाढलं, लाखोंची वस्ती झाली, नुसत्या नहरींवर ती भागली नसती हे मान्य. पण नवीन सिस्टीम आली म्हणून जुनी चालू सिस्टीम बंदच करून टाकायची, हे कुठल्या शहाण्या इंजिनियरने केलं असतं? बॅकअप म्हणून तरी ठेवायची!

हौदाच्या काठावर बसून जैसलमेरकराने त्याच्याकडचे खडीन पुन्हा समजावून सांगितले. पालीवाल ब्राह्मणांची रीत. उताराच्या तळाला मातीचा लांब बांध घालायचा, आसपासच्या खडकाळ माळाचं पाणी तिथे अडवायचं, ते मुरलं की त्या ओलीवर गहू-हरभरा काढायचा. दोनशे मिलिमीटर पावसात गहू! आणि घरोघरी टांका, म्हणजे अंगणातली पाण्याची बंद टाकी, जिच्यात छताचं पाणी जातं. पालीवाल एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपली कुलधरासारखी गावं सोडून निघून गेले. पण त्यांच्या खडिनांवर आजही पीक निघतं.

तो म्हणाला, "तुम लोगों के पास चार गुना है। इसलिए हिसाब नहीं रखा।"

*

रविवारी संध्याकाळी मी गच्चीवर गेलो. मेजर टेप घेऊन. बाबा मागून आले, काय करतोस म्हणाले. गच्ची हजार चौरस फूट, म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. त्यावर सातशे मिलिमीटर पाऊस, म्हणजे ६५ हजार लिटर. वीस टक्के वाया धरले तरी ५२ हजार. पाच हजार लिटरचे दहा टँकर. दरवर्षी दहा टँकर आमच्या गच्चीवर येतात, पन्हळीतून गल्लीत उतरतात आणि निघून जातात. आम्ही खाली उभे राहून म्हणतो, काय मस्त पाऊस आहे!

बाबांनी कागद हातात घेतला, चष्मा लावला, गुणाकार पुन्हा करून पाहिला. एमआयडीसीत तीस वर्षं काढलेला माणूस, दुसऱ्याच्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही. मग म्हणाले, "मागच्या बोअरजवळ खड्डा घेता येईल. विटा, वाळू, खडी. पाईप मात्र जाड घ्यावा लागेल." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "तुझ्या पुण्याच्या सोसायटीत पाणी कुठून येतं रे?"

मी गप्प. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात रोज सकाळी टँकर येतात. हे मी घरी कधी सांगितलं नव्हतं.

तेव्हा लक्षात आलं की सहा महिने आमच्या घरातला तुघलक मीच होतो. हेतू चांगला, नकाशा पक्का, फक्त ज्यांना हलवायचं त्यांना विचारायचं राहून गेलं. आणि जिथे न्यायचं तिथलं पाणीही बघितलं नव्हतं.

याचा अर्थ सगळं सुटलं असं नाही. खड्डा घेऊन तयार झालाय, पाईप जोडलाय, आता पावसाची वाट आहे. आई अजूनही मोटार लावायला रात्री उठते. बाबांचे गुडघे तसेच आहेत. तीन-चार वर्षांनी कदाचित मी पुन्हा तोच विषय काढेन, आणि कदाचित तेव्हा ते बरोबरही असेल. पण यावेळी आधी विचारेन.

जैसलमेरकर सोमवारी पहाटेच्या गाडीने गेला. आईने त्याच्यासोबत येसरची पुडी, ठेच्याची बाटली आणि धपाटे दिले. मला दिले नाहीत, मी काय घरचाच. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला होता. आजीने येसर आमटी करून पाहिली, म्हणे चांगली झाली, पण त्यात सांगरी घातली. आईला सांगितलं तर ती म्हणाली, बरोबर केलं, पुढच्या वेळी येताना सांगरी घेऊन यायला सांग.